चित्रातल्या बाईच्या हातात काय आहे?

पत्राचा सारांश : सोलापुरात टॉवेलची निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात २७ वर्षांच्या एक वाचक डिझायनर आहेत. उपयोजित कलेची पदविका घेऊन त्या चार वर्षांपूर्वी तेथे लागल्या. लेबले, खोकी आणि कॅटलॉग ही कामे त्यांच्याकडे असतात. इंग्लंडमधील एका खरेदीदाराने स्पा आणि हॉटेलांसाठी टॉवेलची नवी मालिका मागवली असून तिची छायाचित्रे सोलापुरातच काढून पाठवायची आहेत. खरेदीदाराने पाठवलेल्या नमुना-फलकावर पूर्व आशियाई चेहऱ्याची एकच बाई आहे : केसांत पांढरे फूल, नजर खाली, टॉवेल पाठीवरून कमरेपर्यंत घसरलेला, मागे बांबू आणि काळे गोटे. मालिकेचे नाव 'पूर्वेचा स्पर्श' अशा अर्थाचे आहे. मालकांना, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, यात काही वावगे वाटत नाही. "बाई आपल्यातली कुठं आहे?" असे ते म्हणाले आणि वाचकांच्या शेजारी राहणाऱ्या, पार्लरमध्ये काम करणाऱ्या मणिपुरी मुलीला विचारून पाहा, पुण्याहून मॉडेल आणण्यापेक्षा स्वस्त पडेल, असे त्यांनी सुचवले. ती मुलगी हसून म्हणाली की पैसे बरे असतील तर विचार करीन, पण "मसाज मिळतो का, अजून काय मिळतं" असे विचारणारे फोन पार्लरमध्ये आधीच पुष्कळ येतात. मालकांच्या पुतण्याच्या मते एआयवर चित्र करून घेतले की प्रश्नच मिटला. २० वर्षे टॉवेलांना शिलाई मारलेली वाचकांची आई म्हणते, असली चित्रे आपण काढायची नाहीत. पण घर वाचकांच्या पगारावर चालते. मी उगाच सोवळेपणा करते आहे का, ऑर्डर गेली तर दोष माझा का, आणि शेजारणीला काय सांगू, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात 'असली चित्रे' हे शब्द तीन वेळा आले आहेत, एकदा आईच्या तोंडी आणि दोनदा तुमच्या. मला वाटते, गोंधळ तेथेच सुरू झाला आहे, कारण आईच्या मनातले 'असले' वेगळे आणि तुमच्या मनातले वेगळे. आईला उघडी पाठ खटकते. तुम्हालाही तीच खटकत असती, तर दोन वर्षांपूर्वी केलेल्या, बाथरोबमधल्या नवराबायकोच्या कॅटलॉगबद्दल तुम्ही इतक्या कौतुकाने लिहिले नसते. त्यातली बाई ओल्या केसांनी, उघड्या खांद्यांनी खिडकीत चहा पीत बसली होती, आणि तुम्हाला त्यात गैर वाटले नव्हते. मलाही वाटत नाही. टॉवेल अंग पुसण्यासाठीच असतो, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईच्या हातात देऊन तो कसा विकणार? तेव्हा सोवळेपणाचा आरोप स्वतःवर लादून घेण्याचे कारण नाही. मात्र या वेळी खटकते आहे ते नेमके काय, हे तुम्हाला शब्दांत धरता आले पाहिजे, नाहीतर अण्णा ते बायकांचे नेहमीचे म्हणून बाजूला सारतील आणि तुमच्याजवळ उत्तर नसेल.

ते नेमके काय असते, हे मला एका विडी कामगार बाईकडून कळले. १९९० च्या सुमारास मी येथल्या एका छापखान्यासाठी लेबले काढून देत असे. विडीच्या बंडलावर चिकटवायच्या एका लेबलावर पूर्वीपासून एक बाई होती आणि ती 'जरा खुलवून' हवी होती. मी खुलवली, पदर ढळवला, ओठ रंगवले, मान तिरकी केली, आणि पैसे मोजून घेतले. प्रूफ टेबलावर पडले असताना सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू भाषकांच्या वस्तीतली, एक बाई मुलाचा डबा द्यायला छापखान्यात आली. तिने लेबल उचलले, बराच वेळ न्याहाळले आणि तेलुगू वळणाच्या मराठीत विचारले, "हिच्या मांडीवर सूप कुठं आहे?" ती स्वतः रोज मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू, बोटांशी दोऱ्याचे रीळ घेऊन बसत असे, आणि हजार विड्या झाल्याशिवाय उठत नसे. पदराबद्दल तिने अवाक्षर काढले नाही. विडीच्या चित्रात बाई आहे, पण बाईला विडीशी काही कामच नाही, एवढेच तिला चमत्कारिक वाटले. मी हसले, आणि लेबल तसेच छापले गेले, हेही सांगून टाकते.

आता तुमचा फलक त्या बाईच्या नजरेने पाहा. तुम्ही फुलाचे, मानेचे, पाठीचे, बांबूचे, गोट्यांचे वर्णन केले आहे. हातांचा उल्लेख नाही, आणि माझी पैज आहे की फलकावरही ते दिसत नसणार. ती अंग पुसत नाही, केस वाळवत नाही, कोणाशी बोलत नाही, आपल्याकडे पाहतही नाही. गोट्यांना आणि बांबूला त्या चित्रात जे काम आहे तेच तिला आहे : माल 'पूर्वेचा' वाटावा. तुमच्या आधीच्या कॅटलॉगमधली बाई टॉवेल वापरत होती. ही बाई टॉवेलच्या जोडीने मांडलेला माल आहे.

आणि यात टॉवेलच का यावा, हाही योगायोग नाही. आपण सोलापुरात सहज 'टर्किश टॉवेल' म्हणतो. हे लूपचे कापड हेन्री ख्रिस्ती या इंग्रजाने तुर्कस्तानात पाहिले, त्याच्या कुटुंबाच्या कारखान्यात ते यंत्रावर विणण्याची युक्ती निघाली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते मांडले गेले. त्याच्या कितीतरी आधी, १७१७ मध्ये, ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू तेव्हाच्या तुर्की साम्राज्यातील सोफिया शहरात स्त्रियांच्या हमामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, गेली होती. तिने पत्रात लिहिले की बायका विवस्त्र होत्या, पण कोणाच्याही वागण्यात सवंगपणा नव्हता. कोणी गप्पा मारीत होत्या, कोणी हातातले काम करीत होत्या, कोणी कॉफी आणि सरबत घेत होत्या, आणि गावातल्या साऱ्या बातम्या तेथे कळत होत्या. थोडक्यात, आपल्याकडच्या पाणवठ्यासारखी ती जागा होती. पुढे आंग्र या फ्रेंच चित्रकाराने, जो पूर्वेकडे कधी गेलाच नव्हता, याच पत्रांतील वर्णने आपल्या वहीत उतरवून घेतली आणि १८६२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, हमामाचे एक गोल चित्र रंगवले. त्यात एक बाई वाद्य वाजवते आहे आणि बाकीच्या बहुतेक जणी अंगाला अंग लावून पहुडल्या आहेत. डोळ्यांनी पाहिलेल्या बाईच्या पत्रातले काम आणि गप्पा चित्रात येईपर्यंत गळून गेल्या; जे उरले, ते बघणाऱ्याच्या सोयीचे होते. ते चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तुमच्या खरेदीदाराच्या फलकाचे मूळ गाव तेथे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पूर्व आशियाई चेहऱ्याच्या बाबतीत हे आणखी उघडपणे झाले. १८३४ मध्ये अफाँग मॉय नावाची चिनी तरुणी न्यूयॉर्कला आणली गेली. चिनी माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी तिला रेशमी पडदे, खुर्च्या आणि कंदील यांच्या मधोमध बसवले, आणि ५० सेंटचे तिकीट काढून लोक तिचे बांधलेले पाय आणि चॉपस्टिकने जेवणे पाहायला येऊ लागले. तिच्याभोवतीचा माल विकायचा होता. म्हणजे ती जिवंत कॅटलॉगच होती. पुढे १८७५ मध्ये अमेरिकेने एक कायदा केला, ज्यात चीन, जपान आणि इतर पौर्वात्य देशांतून अनैतिक कामांसाठी आणल्या जाणाऱ्या स्त्रियांना प्रवेश नाकारण्यात आला. कागदावर तो वेश्याव्यवसायाविरुद्ध होता, अमलात मात्र जवळजवळ प्रत्येक चिनी बाईला 'मी तसली नाही' हे सिद्ध करावे लागले. आधी तिला शोभेची वस्तू ठरवायचे आणि मग तिच्या चारित्र्यावर संशय घ्यायचा, हा क्रम ध्यानात ठेवा, कारण तुमच्या शेजारणीच्या फोनपर्यंत तोच येऊन पोहोचतो.

सिनेमात काय झाले ते एका उदाहरणावरून कळेल. ॲना मे वाँग १९०५ मध्ये लॉस एंजेलिसलाच जन्मली, पण तिच्या वाट्याला वर्षानुवर्षे दासी, मोहिनी आणि विषकन्याच आल्या. १९३७ मध्ये चिनी शेतकरी कुटुंबावर मोठा हॉलिवूडपट निघाला. त्यातली नायिका शेतात राबणारी, दुष्काळात घर सावरणारी होती, म्हणजे जिच्या हातांना काम आहे अशी. वाँगला ती भूमिका हवी होती. ती लुइझ रायनर या गोऱ्या नटीला मिळाली आणि त्याबद्दल तिला ऑस्करही मिळाले. त्यानंतर जपान, कोरिया, व्हिएतनाम येथे अमेरिकी सैन्य गेले, छावण्यांच्या आसपास जे बाजार उभे राहिले त्यांतल्या बायका पडद्यावर आल्या, आणि दूरच्या प्रेक्षकाला सगळ्या देशांच्या सगळ्या बायका त्याच वाटू लागल्या. तुम्ही जकार्डचा, म्हणजे छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणारा, माग पाहिलेला आहे. कार्ड एकदा पंच झाले की मागावर बसलेल्याच्या मनात काही असो वा नसो, तीच नक्षी चादरीवर उतरत राहते. तुमचा खरेदीदार वाईट माणूस आहे, असे मला म्हणायचेच नाही. कार्ड जुने आहे, आणि त्याने ते पाहिलेलेसुद्धा नाही.

मार्च २०२१ मध्ये अटलांटा शहर आणि परिसरातील तीन स्पांवर एका तरुणाने गोळीबार केला. आठ माणसे मेली, त्यांत सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. आपल्याला लैंगिक व्यसन आहे आणि मोहाची ठिकाणे नाहीशी करायची होती, असे त्याने पोलिसांना सांगितले. कॅटलॉग पाहून कोणी बंदूक उचलतो असा बादरायण संबंध मी जोडणार नाही, आणि तुम्हीही अण्णांपुढे जोडू नका. ते हसतील आणि मूळ मुद्दा निसटेल. पण तेथे काम करून पोट भरणाऱ्या बायका त्याला स्वतःच्या मोहाचे साहित्य वाटल्या, आणि तुमच्या शेजारणीच्या पार्लरचा नंबर फिरवून "अजून काय मिळतं" विचारणारा सोलापूरकरही तिचा चेहरा पाहून तेच गृहीत धरतो. पार्लरवाल्या वाचकांनाही येथे एक सांगावेसे वाटते. दुकानाच्या फ्लेक्सवर इंटरनेटवरून उतरवलेली, डोळे मिटून पालथी पडलेली अनोळखी बाई लावण्यापेक्षा तुमच्या कामाचा, कात्रीचा, हातांचा फोटो लावा. ते फोन पूर्ण बंद होतील असे नाही, पण निदान आमंत्रण तुमच्या फलकाचे नसेल.

अण्णांच्या "आपल्यातली कुठं आहे?" या वाक्याकडे आता वळते, कारण तुमच्याही पत्रात त्याची सावली पडली आहे; 'हा त्यांच्याकडचा प्रश्न, आपण फक्त माल देणारे' असे तुम्ही लिहिले आहे. आशिया खंडात सोलापूरही येते, हे अण्णांना हसत हसत सांगून पाहा. इंग्रजी अमदानीत नाचणाऱ्या बायकांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून साहेबांना विकली जात, आणि त्यांवर पुष्कळदा त्यांचे नावही नसे. आजचे म्हणाल, तर हिंदी पडद्यावर मराठी बाई फार वर्षे दोनच दारांनी आत आली : मागल्या दाराने कामवाली म्हणून, नाहीतर नऊवारीतली नाचणारी म्हणून. लावणी हे तालमीचे, घामाचे काम आहे, पण जाहिरातीत येईपर्यंत तालीम गळते आणि कंबर उरते. हे आपल्याला झोंबते. मग इंफाळहून येऊन आपल्या गल्लीत भाडे भरणाऱ्या, आपल्या मुलींच्या लग्नात मेकअप करणाऱ्या मुलीला 'आपल्यातली नाही' म्हणून त्या चौकटीत बसवायला आपण इतक्या सहज का तयार होतो? २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, आणि ईशान्येकडील लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा विचार करण्यासाठी सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. ती वेळ आपल्याच देशावर आली होती.

अण्णा कदाचित म्हणतील, आशियाई लोक स्वतःच असे करतात, त्यांचे काय? त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. सिंगापूरच्या विमान कंपनीने १९७२ पासून सारोंग कबाया या मलय वेशातल्या हवाई सुंदरीला आपली ओळख बनवले, आणि तो वेश पिएर बाल्मँ या फ्रेंच डिझायनरकडून करून घेतला. त्या जाहिरातींतली बाई निदान आपले काम करताना दिसते, सरळ समोर पाहते. पण अर्धशतक ती 'सिंगापूर गर्ल', म्हणजे 'गर्ल'च, राहिली आहे आणि नम्र सेवा हाच तिचा गुण म्हणून विकला गेला आहे. माझे मत याबाबत दोन्हीकडे झुकते. मात्र मालक आशियाई असला की साचा आपोआप धुऊन निघतो, असे काही नाही. अण्णाही आशियाईच आहेत.

पुतण्याच्या एआयचा निकाल मात्र लवकर लावता येतो. ही यंत्रे इंटरनेटवरची जुनीच चित्रे गिळून नवी काढतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आशियाई वंशाच्या एका महिला पत्रकाराने एका लोकप्रिय ॲपला आपले साधे फोटो देऊन १०० चित्रे काढून घेतली, तर १६ चित्रांत यंत्राने तिला अर्धनग्न करून ठेवले होते. तिच्या पुरुष सहकाऱ्यांना मात्र ते अंतराळवीर, संशोधक वगैरे करीत होते. जकार्डचे कार्ड जुनेच राहिले, माग तेवढा विजेवर आला. शिवाय निर्यातदाराच्या दृष्टीने त्यात आणखी एक खोट आहे. टॉवेल विकायचा तर त्याचे लूप, त्याची जाडी, कडेची वीण खरी दिसली पाहिजे. यंत्राने काढलेला टॉवेल पाहून ऑर्डर दिली आणि माल वेगळा निघाला, तर भरपाईचा क्लेम कोणावर पडतो, हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगले कळते.

अण्णांशी बोलताना याच भाषेत बोला. नीतीची गोष्ट तुम्हाला खरी वाटते, मलाही वाटते, पण नीती सांगणाऱ्या नोकराला मालक फार वेळ ऐकत नाहीत. त्यांना सांगा की २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये डोल्चे अँड गबाना या इटालियन कंपनीने चिनी मॉडेल चॉपस्टिकने पिझ्झा खाते आणि पुरुषी आवाज तिला सूचक बोलतो, अशी जाहिरात केली, मग मालकाच्या नावाने फिरलेल्या अपमानकारक संदेशांची भर पडली, शांघायचा मोठा कार्यक्रम रद्द झाला आणि चिनी ऑनलाइन दुकानांनी तिचा माल काढून टाकला. इंग्लंडमध्ये जून २०१९ पासून जाहिरातीतील हानिकारक लिंगाधारित साच्यांना मनाई आहे, आणि आपल्याकडच्या जाहिरात मानक परिषदेनेही जून २०२२ मध्ये त्याच धर्तीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. कॅटलॉगची छायाचित्रे कॅटलॉगमध्ये थांबत नाहीत, खरेदीदाराच्या वेबसाइटवर आणि समाजमाध्यमांवर तीच जाहिरात होतात. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा आपला कायदा मी मुद्दाम पुढे करीत नाही, कारण तो आईचा प्रश्न विचारतो, तुमचा नाही. त्याने अंग झाकले की समाधान होते. फुलासकट, खाली घातलेल्या नजरेसकट तीच बाई गळ्यापर्यंत झाकून बसवली, तरी तुमची अडचण तशीच राहील.

'ऑर्डर जाईल' हे तुम्ही गृहीत धरले आहे, ते एकदा तपासून पाहा. खरेदीदाराने टॉवेलचे जीएसएम (दर चौरस मीटरचे वजन), माप आणि रंग यांवर करार केला आहे की त्या बाईवर? असे फलक बहुधा कार्यालयातल्या एखाद्या सहायकाने विकतच्या फोटोंतून तासाभरात जुळवलेले असतात, आणि समोरून चांगली सूचना आली तर कोणी हट्ट धरत नाही. मेलमध्ये नकार लिहू नका, प्रस्ताव लिहा : वापर दाखवणारी मांडणी आम्ही तयार करीत आहोत, अमुक तारखेला पाठवतो. मात्र तुलनेसाठी म्हणून पहिलाही नमुना करून ठेवते, असा मोह धरू नका. नको असलेला नमुना कधीही टेबलावर ठेवू नये. हमखास तोच पास होतो. माझ्या लेबलांच्या दिवसांत हे चार वेळा घडले आहे.

नव्या मांडणीतून पूर्व आशियाई चेहरा काढून टाकून तेथे गोरी मॉडेल बसवणे हा उपाय मला मान्य नाही. त्याने साचा मोडत नाही, बाई तेवढी हाकलली जाते. तीच तरुणी केस खसाखसा पुसताना, डोक्याला टॉवेल गुंडाळून आरशातून आपल्याकडे पाहताना, मैत्रिणीशी हसताना दाखवा. शेजारी एखादे साठीचे गृहस्थ मान पुसताना येऊ द्या. स्पात पुरुषही जातात, पण फलकांवर ते कधी दिसत नाहीत. आणि पूर्वेचाच स्पर्श हवा असेल, तर तो खरा कोठला आहे ते दाखवा. सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. मागावरचे ताणे, लूप उठताना दिसणारी कड, घड्यांचा ढीग आणि घडी घालणारे हात, ही चार छायाचित्रे फुला-बांबूपेक्षा जास्त 'पूर्वेची' आहेत आणि दुसऱ्या कोणाकडे ती असणार नाहीत.

आता शेजारीण. तुम्ही लिहिता की तिला यापासून वाचवावेसे वाटते. या वाक्यावर जरा थांबा. ती तुमच्याएवढीच कमावती बाई आहे, आणि तिच्या एका वाक्यात दोन गोष्टी होत्या, एक पैशाची आणि एक फोनची. दोन्ही तिने स्वतः तोलल्या आहेत. तुमचे काम तिला सगळे कागद दाखवण्याचे आहे : मूळ फलक, तुमची नवी मांडणी, छायाचित्रे कोठे आणि किती वर्षे वापरली जातील, ती पुढे कोणाला विकली जाणार नाहीत हे लेखी, सोलापुरात आणि महाराष्ट्रात त्यांचा वापर नाही हेही लेखी, चित्रण चालू असताना तिच्या ओळखीची एक बाई हजर, आणि काढलेली प्रत्येक फ्रेम पाहून नको ती पुसून टाकण्याचा हक्क. मानधन पुण्याच्या मॉडेलइतकेच. 'स्वस्त पडेल' हे अण्णांचे कारण होते, तिचे नव्हे. एवढे झाल्यावर ती हो म्हणो की नाही, त्यावर तुम्ही टीका करू नये, आणि नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारू नये. आणखी एक सुचवते. रोज टॉवेल हाताळणारी ती तुमच्या ओळखीतली एकमेव व्यावसायिक आहे. गरम टॉवेल कसा पिळतात, मानेशी कसा खोचतात, किती धुण्यांनंतर तो राठ होतो, हे तिला ठाऊक आहे. कॅमेऱ्यापुढे यायचे नसेल, तर चित्रणाच्या दिवशी मांडणीची सल्लागार म्हणून तिला बोलवा आणि त्याचेही पैसे द्या.

एवढे करूनही अण्णा आणि खरेदीदार मूळ फलकावरच अडून बसले, तर पहिल्याच दिवशी राजीनामा लिहू नका. घर तुमच्या पगारावर आहे. ते एक चित्रण बाहेरच्या माणसाकडून करून घ्या, मी खोकी आणि लेबले पूर्ण करते, असे शांतपणे सांगता येते, आणि चार वर्षे चोख काम केलेल्या माणसाचे एवढे ऐकले जाते. तेही झाले नाही, तर नाइलाजाने केलेल्या कामाचा बोजा सगळा तुमच्या डोक्यावर नाही. मात्र आपला प्रस्ताव मेलवर लेखी राहू द्या. पुढच्या हंगामात कोणी तरी तो उघडून पाहील.

आईला पटवायला माझे एवढे लांब पत्र वाचून दाखवू नका. तिने २० वर्षे ज्या टॉवेलांना कडा घातल्या, ते परदेशात कसे दिसतात, हे तिने बहुधा पाहिलेलेच नसेल. नव्या मांडणीची पहिली चाचणी छायाचित्रे तिच्याच हातांची काढा, घडी घालताना, कड चिमटीत धरून शिलाई तपासताना. गच्चीवर काढणार असाल तर सकाळी आठ-साडेआठच्या आत उरका, कारण दहानंतर आपल्याकडचे ऊन इतके पांढरे होते की पांढऱ्या टॉवेलचे लूप दिसेनासे होतात आणि कापड सपाट येते.